डॉक्टर व्हायचंय? आधी वॉर्ड पाहून या

नीटचा पेपर झाला की घरात एक विचित्र शांतता पसरते. दोन वर्षं क्लास आणि टेस्ट सिरीजमध्ये अडकलेल्या मुलाला अचानक काही कामच उरत नाही. परीक्षा साधारण मेच्या सुरुवातीला, निकाल जूनमध्ये, मग कौन्सेलिंगच्या फेऱ्या. कॉलेज सुरू होईपर्यंत दोन-तीन महिने हातात असतात. बहुतेक घरांत ते कटऑफच्या चर्चेत आणि मोबाइलवर जातात. त्यातले चार आठवडे एखाद्या रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून घालवले तर?

प्रवेशाला उपयोग होईल का, हा पहिला प्रश्न आईबाबांकडून येतो. नाही होणार. आपल्याकडे १८० प्रश्न आणि ७२० गुण, यावरच सगळं ठरतं. अमेरिकेत तसं नाही. तिथे आधी पदवी, मग मेडिकल कॉलेज, आणि अर्जात १५ पर्यंत अनुभव नोंदवता येतात. ते किती तास केले, हेही लिहावं लागतं. त्यामुळे डॉक्टर होऊ इच्छिणारी मुलं रुग्णालयात व्हीलचेअर ढकलण्यापासून सुरुवात करतात. अर्थात त्यातले काही जण फक्त तासांची बेरीज करतात. आपल्याकडे या प्रमाणपत्राला प्रवेशात किंमत नाही, हे मला तरी बरंच वाटतं. जो जाईल तो बघायलाच जाईल.

आणि बघायची गरज आहे. एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं शिक्षण आणि १ वर्ष इंटर्नशिप. एवढा मोठा निर्णय घेणाऱ्या मुलाने रुग्णालय पाहिलेलं असतं ते आजोबांना भेटायला गेल्यावर, तेही अर्धा तास. विद्यार्थ्याला रुग्ण लवकर दिसावा, हे शिक्षणव्यवस्थेलाही पटलेलं आहे. २०१९पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी रुग्णांशी ओळख करून देण्याची तरतूद आहे. पण तोपर्यंत फी भरलेली असते.

वॉर्डात नेमकं काय दिसतं?

सुरुवातीचे दोन दिवस फक्त वास आणि गर्दी. मग हळूहळू माणसं दिसायला लागतात. केसपेपरच्या खिडकीवर तासभर थांबून चुकीच्या रांगेत असल्याचं कळलेली बाई. एक्स-रे कुठे काढतात हे विचारायलाही घाबरणारा म्हातारा. मुलगा आयसीयूमध्ये आणि बाहेर जिन्यावर डबा उघडून बसलेले, पण घास न उतरणारे आईवडील. स्वयंसेवकाचं काम यांच्यातच असतं. रस्ता दाखवणं, फॉर्म वाचून सांगणं, व्हीलचेअर धरणं, एकट्या रुग्णाजवळ बसणं.

परराज्यात वाढलेल्या मराठी मुलांकडे तर एक जास्तीची गोष्ट असते, ती म्हणजे भाषा. नांदेडकडचे रुग्ण उपचारांसाठी हैदराबादला जातात. तिथे तेलुगू, हिंदी आणि मराठी येणारी १८ वर्षांची मुलगी त्यांना केवढा आधार देऊ शकते!

याच काळात डॉक्टरांचा दिवसही दिसतो. ओपीडीत एका रुग्णाला मिळणारी दोन-तीन मिनिटं, जेवायची ठरावीक वेळ नसणं, वाईट बातमी सांगण्याआधी क्षणभर थांबणं. सिस्टर, मावशी आणि वॉर्डबॉय यांच्यावाचून वॉर्ड एक तासही चालत नाही, हेही समजतं. काहींना इथे चक्कर येते. रक्त पाहून चक्कर येणं हे काही अपात्रतेचं लक्षण नाही, बऱ्याच जणांची ती सवयीने जाते. मात्र रोज सकाळी तिथे जायचं या विचारानेच पोटात गोळा येत असेल, तर घरात त्यावर मोकळेपणाने बोललं पाहिजे. ‘एवढा खर्च केला, आता काय?’ हे वाक्य तेव्हा तोंडाशी आलं तरी गिळून टाका.

हे मात्र करायचं नाही

इंजेक्शन, सलाईन, टाके, ड्रेसिंग यांना हात लावायचा नाही. कोणी कौतुकाने ‘करून बघ’ म्हणालं तरी नाही म्हणायचं. शिकण्याची हौस तुमची असते, शरीर रुग्णाचं असतं. वॉर्डातला एकही फोटो काढायचा नाही आणि कोणाच्या आजाराची गोष्ट मित्रांच्या ग्रुपवर टाकायची नाही, नाव न घेताही नाही. हात धुण्याची योग्य पद्धत पहिल्याच दिवशी शिकून घ्या. पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या डब्यांत कोणता कचरा जातो तेही विचारून घ्या. सुया पांढऱ्या डब्यात जातात, पण त्या उचलणं तुमचं काम नाही. हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का, हे जाण्याआधीच तपासा. तिचे डोस साधारण सहा महिन्यांत पूर्ण होतात, म्हणून ऐनवेळी धावपळ उपयोगाची नाही.

जायचं कुठे?

मोठ्या सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो. ओळखीच्या डॉक्टरांची चिठ्ठी शोधण्याऐवजी थेट तिथल्या समाजसेवकांना भेटा. किती आठवडे आणि कोणत्या वेळेत येऊ शकता, हे लिहून द्या. वय १८च्या आत असेल तर पालकांचं संमतीपत्रही न्या. काही ठिकाणी नकार मिळेल. मग रक्तदान शिबिरं घेणाऱ्या किंवा कर्करुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे विचारा.

केरळमध्ये राहणाऱ्यांना तर उत्तम संधी आहे. कोझिकोडला १९९३मध्ये सुरू झालेल्या उपशामक सेवेच्या कामातून तिथे स्वयंसेवकांचं मोठं जाळं उभं राहिलं. प्रशिक्षण घेतलेले साधे शेजारीपाजारी, विद्यार्थीसुद्धा, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी नर्ससोबत जातात. बरा न होणारा रुग्ण आणि त्याला सांभाळून थकलेलं घर तिथे जवळून दिसतं.

घरी परतल्यावर मूल गप्प असेल तर लगेच प्रश्नांची सरबत्ती नको. कपडे वेगळे धुवायला टाकू द्या, आंघोळ होऊ द्या, गरम जेवण वाढा. बोलायचं असेल तेव्हा ते बोलेल, बहुधा रात्री उशिरा, तुम्ही दिवा मालवायला निघालात की.