पाठीवरचं पाणी

कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडाकडे जाणारी टेकड्यांची रांग चढ-उतारांनी दमवतेच, पण त्याहून जास्त दमवते ती तिच्या कोरडेपणाने. साधारण १५ किलोमीटर, लहानमोठ्या तेरा टेकड्या, आणि पावसाळा सरला की वाटेत भरवशाचं पाणी नाही. म्हणून हायड्रेशन बॅग घ्यायला निघालेल्या कुणालाही मी आधी विचारते, की तुझ्या वाटेवर पाणी कुठे आहे? सिंहगडावर देवटाकं आहे. राजगडावर पिण्याच्या पाण्याची टाकी आहेत. राजगडाहून तोरण्याकडे निघालं, की संजीवनी माची उतरल्यापासून बुधला माचीपर्यंत मात्र एखाद्या घरी ताक मिळालं तर मिळालं. किती पाणी न्यायचं ते यावरून ठरतं. बॅग त्यानंतर.

बॅगेवर ‘१० लिटर’ लिहिलेलं असतं ते सामानाचं माप, पाण्याचं नव्हे. आतली पाण्याची पिशवी बहुधा दीड किंवा दोन लिटरची. रिकाम्या बॅगेचं वजन २०० ग्रॅम की ३००, यावर दुकानात बराच खल चालतो. पण दीड लिटर पाणी भरलं की वजन दीड किलोने वाढतं, आणि मग तो शंभर ग्रॅमचा फरक पाठीला जाणवतही नाही. जाणवतं ते पाण्याचं हिंदकळणं. प्रत्येक पावलाला बॅग अर्धा इंच वर उडून खाली आपटत असेल, तर दुसऱ्या तासाला खांदे भरून येतात आणि काखेजवळची कातडी सोलवटते.

तेव्हा बॅग रिकामी घालून बघू नये. दुकानदाराकडे पाणी मागावं, पिशवी भरावी, छाती भरून श्वास घ्यावा आणि मगच पुढचे दोन्ही पट्टे आवळावेत. श्वास सोडून आवळलेले पट्टे चढावर छाती दाबतात. मग जिन्याची दोन-चार आवर्तनं पळत करावीत आणि बुटाची नाडी बांधायला वाकतो तसं वाकून बघावं. बॅग मानेवर सरकली तर ती आपली नाही, किंमत कितीही मोहाची असो.

पाठीवरच्या पिशवीतून नळीने पाणी पिण्याची कल्पना रूढ झाली ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस. टेक्सासमधल्या भर उन्हातल्या सायकल शर्यतीत मायकेल आयडसन या आपत्कालीन वैद्यकीय सेवेतल्या माणसाने सलाइनची पिशवी मोज्यात घालून पाठीवर बांधली, आणि त्यातूनच पुढे ‘कॅमलबॅक’ उभी राहिली. नळीचा खरा फायदा म्हणजे थांबावं लागत नाही. सॅकच्या कप्प्यातली बाटली काढायला थांबायचं म्हटलं, की माणूस पुढच्या खिंडीत पिऊ म्हणतो आणि तहान पुढे ढकलत राहतो.

तरी पळणाऱ्याने छातीवरच्या अर्ध्या लिटरच्या दोन मऊ बाटल्या घ्याव्यात, असं माझं मत आहे. पिऊ तशी बाटली आक्रसते, आत हवा उरत नाही, पाणी डुचमळत नाही. किती उरलं तेही डोळ्यांना दिसतं. पाठीवरच्या पिशवीचा तळ नळी कोरडी पडल्यावरच कळतो. पिशवीच घेतलीत, तर भरून बंद केल्यावर ती उलटी धरून नळीतून आतली हवा ओढून घ्यावी. निम्मं हिंदकळणं तिथेच संपतं.

बायकांनी छातीवरच्या बाटल्या जास्त चिकित्सेने बघाव्यात. बऱ्याच बॅगांत त्या नको तिथे दाबतात; बरगड्यांच्या बाजूला, खाली बसणाऱ्या बाटल्या सोयीच्या. कातळटप्प्यावर किंवा कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर अंग खडकाला लागतं तेव्हा पुढच्या फुगीर बाटल्या सगळ्यांनाच आड येतात. अशा वाटेवर चालणाऱ्याला पाठीवरची पिशवीच बरी. कापडही आपल्या डोंगरांना सोसणारं हवं. फार मोकळ्या विणीची जाळी हवेशीर असते खरी, पण दिवाळीनंतरच्या वाळल्या गवताची कुसळं तीत घुसून बसतात आणि करवंदीचा काटा ती सहज फाडतो.

घामावाटे मीठही जातं. तासन्‌तास नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होऊन मळमळ, भोवळ, गोंधळल्यासारखं होणं, इथपर्यंत मजल जाते. म्हणून दोनपैकी एका बाटलीत ओआरएस असावं, तेही पाकिटावरच्या मापानेच. एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामं करू नये. पिशवीत मात्र साधं पाणीच भरावं. साखर गेली की नळीत बुरशी धरते, आणि नळीचा आतला भाग घासणं हे किचकट काम. घरी आल्याबरोबर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून पिशवी आणि नळी धुवावी, तोंडाकडची झडप काढून वेगळी वाळवावी, पिशवीत चमचा आडवा घालून ती उघडी राहील अशी टांगावी. पावसाळ्यात वाळतच नसेल, तर निथळून सरळ फ्रीझरमध्ये ठेवावी. तिथे बुरशी वाढत नाही.