प्रौढ विद्यार्थ्याचा जमाखर्च

परिस्थितीमुळे शिक्षण अर्धवट सोडावे लागलेली माणसे काही वर्षांनी पुन्हा पुस्तक हाती घेतात, ही मुंबईच्या उपनगरांत नित्याची गोष्ट आहे. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार, घाटकोपरच्या दुकानातील मदतनीस, मुलुंड-भांडुप परिसरातील सुरक्षारक्षक, बोरिवलीत चार घरची कामे करून दहावीच्या परीक्षेस बसणारी गृहिणी, अशी ही मंडळी. त्यांपैकी अनेकांचे शिक्षण दुसऱ्यांदा सुटते. बुद्धी कमी पडली म्हणून ते क्वचितच सुटते. बहुधा महिन्याचा हिशोब चुकतो आणि त्या हिशोबात पहिली काट शिक्षणाला लागते. हा हिशोब कसा जुळवावा, आणि तो जुळावा म्हणून समाजाने व शासनयंत्रणेने काय करावे, याचा विचार येथे केला आहे.

परंपरा आणि सोयी

दिवसभर राबणाऱ्या माणसाने रात्री शिकावे, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी व कामकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा सुरू केली. पुढे मुंबईसारख्या कामगारांच्या नगरीत रात्रशाळांनी मूळ धरले. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये दूरशिक्षणाचा मार्ग खुला केला. राज्य विधिमंडळाच्या अधिनियमान्वये १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. शाळेत न जाता दहावी-बारावीस बसू इच्छिणाऱ्यांसाठी राज्य शिक्षण मंडळाचा १७ नंबरचा अर्ज असतो. मुंबईच्या रात्रशाळांतील विद्यार्थ्यांना सायंकाळचा अल्पोपाहार, पुस्तके व फिरती प्रयोगशाळा पुरविण्याचे काम ‘मासूम’ ही संस्था २००८ पासून करीत आली आहे. सोयी आहेत, परंतु त्यांच्यापर्यंत पोहोचण्यास आणि तेथे टिकून राहण्यास जो खर्च लागतो, त्याचे नियोजन शिकविणारे कोणी नसते.

प्रवासाचे गणित

उपनगरातील माणसाच्या खर्चात प्रवासाला मोठे स्थान आहे. उपनगरी रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाची रक्कम साधारणतः १५ एकेरी प्रवासांच्या भाड्याइतकी असते. महिन्यात २६ दिवस कामावर जाणारा माणूस ५२ वेळा प्रवास करतो, म्हणजे त्याला पास अत्यंत स्वस्त पडतो. त्रैमासिक पासाची रक्कम मासिकाच्या २.७ पट असते. मासिक पास १०० रुपयांचा धरल्यास बारा महिन्यांचे बारा पास १,२०० रुपयांना पडतील, तर चार त्रैमासिक पास १,०८० रुपयांना. वार्षिक पासही १०.८ पट, म्हणजे तितक्याच रकमेचा असतो. सबब, वर्षाची रक्कम एकदम उभी करण्यासाठी कर्ज काढण्याचे कारण नाही. तीन महिन्यांची तजवीज केली तरी तेवढाच लाभ पदरात पडतो.

याहून महत्त्वाचा मुद्दा शाळेच्या निवडीचा आहे. पासाच्या अंतरात कोठेही उतरता येते. बोरिवलीस राहून अंधेरीस काम करणाऱ्याने कांदिवली, मालाड किंवा जोगेश्वरी येथील रात्रशाळा किंवा अभ्यासकेंद्र निवडले, तर शिक्षणासाठी रेल्वेखर्च एक पैसाही वाढत नाही. तोच विद्यार्थी मध्य रेल्वेवरील घाटकोपरला जाऊ लागला तर निराळा खर्च सुरू होतो. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाल्यापासून पूर्व आणि पश्चिम उपनगरे जवळ आली, वेळ वाचला; तथापि तिचे भाडे रेल्वेच्या पासाहून वेगळे द्यावे लागते. बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडेही मे २०२५ मध्ये ५ रुपयांवरून १० रुपये झाले. यास्तव प्रवेश घेताना शाळेच्या नावलौकिकाइतकाच तिच्या रेल्वेस्थानकाचाही विचार करावा. स्थानकापासून चालत जाता येईल अशी शाळा ही प्रौढ विद्यार्थ्याची पहिली बचत होय.

शुल्क एकदम, पगार मासिक

दुसरी अडचण रकमेपेक्षा वेळेची असते. समजा, एखाद्याला महिना १८,००० रुपये मिळतात आणि शुल्क, परीक्षा, पुस्तके, वह्या मिळून वर्षाचा शैक्षणिक खर्च ६,००० रुपये येतो. जूनमध्ये ही रक्कम एकदम भरावयाची झाल्यास महिन्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा जातो, आणि त्याच महिन्यात घरातील मुलांच्या शाळाही उघडलेल्या असतात. अशा वेळी आधी मुलांचे दप्तर येते, आई-बापाचा प्रवेश राहून जातो. हीच रक्कम दरमहा ५०० रुपये याप्रमाणे बाजूस काढली तर ती पगाराचा छत्तिसावा हिस्सा ठरते. मागील जूनपासून बँकेत आवर्ती ठेव सुरू करणे किंवा बचतगटात तेवढी रक्कम नियमाने ठेवणे, हा यावरील साधा उपाय आहे. परीक्षेचा अर्ज मुदतीत भरल्यास विलंब शुल्क वाचते, हेही विसरू नये.

बारीकसारीक खर्चाचा हिशोब डोळे उघडणारा असतो. कामावरून थेट वर्गात जाणारा विद्यार्थी चहा व वडापाव यांवर रोज ३० रुपये खर्च करीत असेल, तर २५ दिवसांचे ७५० आणि वर्षाचे ९,००० रुपये होतात. वरील उदाहरणातील सबंध शैक्षणिक खर्चाहून ही रक्कम अधिक आहे. याचा अर्थ उपाशी राहावे असा नाही. सकाळच्या डब्याबरोबर दोन पोळ्या अधिक बांधून घेतल्या, किंवा चणे-गूळ, शेंगदाणे जवळ ठेवले, तर पोट भरते आणि पैसाही राहतो.

पुस्तकांबाबत तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. माटुंग्याच्या किंग्ज सर्कल परिसरात जुनी पुस्तके अल्प किमतीत मिळत आली आहेत. मात्र अभ्यासक्रम बदललेला नाही याची खात्री करूनच ती घ्यावीत. तिसरी गोष्ट सार्वजनिक ग्रंथालयांची. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना शासन अनुदान देते. पाच माणसांच्या एका खोलीत ज्याला दिवा लावून बसणेही अवघड, त्याच्यासाठी ग्रंथालयाचे टेबल आणि महापालिकेची अभ्यासिका हीच अभ्यासाची खोली असते.

काटकसर कशात करू नये

काटकसरीचा विषय निघाला की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. लंडनमधील अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करावयाचे, या निश्चयाने त्यांनी १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची नोकरी धरली. परळच्या चाळीत राहून त्यांनी पगारातून शिल्लक टाकली, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले, छत्रपती शाहू महाराजांनी साहाय्य केले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. त्या वेळी ते २९ वर्षांचे, संसारी गृहस्थ होते. अपुऱ्या आहारावर दिवस काढून ग्रंथालयात ते तासन्‌तास वाचीत बसत. १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली.

या चरित्रातून उपाशी राहण्याचा धडा घेणे योग्य होणार नाही. घेण्याजोगा धडा निराळा आहे. ठरावीक काळ नोकरी, त्यातून ठरावीक शिल्लक आणि त्या शिलकीचे एकच उद्दिष्ट, असे त्यांचे नियोजन होते. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९४६ मध्ये त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरविण्यात आले. ज्याने स्वतः हालअपेष्टा सोसून शिक्षण घेतले, त्याने पुढच्यांना तेच हाल सोसावयास सांगितले नाही. त्याने महाविद्यालयाचे वेळापत्रक बदलले.

अन्न, झोप आणि औषधपाणी यांत केलेली बचत टिकत नाही. रोज साडेचार तास झोपणारा कामगार महिन्या-दोन महिन्यांत आजारी पडतो, खाडे होतात, पगार कापला जातो आणि शाळाही सुटते. झोप पुरत नसेल तर एका वर्षाचा अभ्यासक्रम दोन वर्षांत करावा. दूरशिक्षणात व मुक्त शिक्षणात वेग स्वतः ठरविण्यास पुष्कळ वाव असतो.

आपला वाटा

या जमाखर्चातील काही आकडे विद्यार्थ्याच्या हाती नसतात. रेल्वेच्या पासावर विद्यार्थ्यांना सवलत आहे. परंतु तिला सर्वसाधारण प्रवर्गासाठी २५ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी २७ वर्षे अशी वयोमर्यादा आहे. म्हणजे तिशीत पुन्हा शाळेत आलेला माणूस परीक्षेपुरता विद्यार्थी असतो, सवलतीपुरता नसतो. बहुतेक सवलती विद्यार्थी म्हणजे मूल किंवा तरुण असे गृहीत धरून आखल्या गेल्या आहेत. योजना तयार करताना हे गृहीतक तपासून पाहणे अगत्याचे आहे.

शिक्षकांनी १७ नंबरच्या अर्जाच्या तारखा कामगार वस्तीत वेळेवर कळवाव्यात आणि शक्य तेथे शुल्काचे हप्ते पाडून द्यावेत. ग्रंथालये आणि अभ्यासिका यांच्या चालकांनी रात्री तासभर अधिक दार उघडे ठेवावे; त्या एका तासाचे मोल कामकरी विद्यार्थ्यालाच ठाऊक असते.

ग्रामपंचायत सदस्यांचा या विषयाशी संबंध दूरचा वाटेल, पण तो तसा नाही. कोकणातून व घाटावरून मुंबईस येणारी माणसे पूर्वीपासून गावकऱ्यांच्या सामाईक खोल्यांवर राहत आली. गावाने डोक्यावर छप्पर दिले म्हणून शहरात पाय टेकता आला. आज गावाने द्यावयाची वस्तू म्हणजे कागदपत्रे. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला यांपैकी एखादा गावी राहिला, तर तो आणण्यासाठी विद्यार्थ्याची दोन दिवसांची मजुरी आणि गाडीभाडे जाते. कधी त्यापायी प्रवेशाची मुदतही टळते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळण्याचा नागरिकास हक्क आहे. गाव सोडून कामधंद्यासाठी निघालेल्या प्रत्येक तरुण-तरुणीच्या हाती हे दाखले आधीच पडतील एवढी दक्षता ग्रामपंचायतीने घेतली, तर शिष्यवृत्तीइतकेच साहाय्य केल्यासारखे होईल.

अल्प उत्पन्नात शिकणाऱ्या माणसाजवळ काटकसर असतेच. ती नसती तर त्याचा संसार चाललाच नसता. त्याला हवी असते ती आगाऊ माहिती, सोयीची वेळ आणि हातात वेळेवर पडणारा कागद. या तिन्ही गोष्टी देण्यास फारसा निधी लागत नाही. त्या देणे आपल्यापैकी प्रत्येकाच्या अधिकारकक्षेत आहे.