अक्षरजोड्या, लेखांक ६ : इंग्रजीचा मुका 'के' आणि आपला 'ज्ञ'

या आठवड्याची जोडी 'के' आणि 'एन'. नी म्हणजे गुडघा, नाइफ म्हणजे सुरी, नॉट म्हणजे गाठ, निट म्हणजे विणणे, नॉक म्हणजे दार ठोठावणे, नो म्हणजे जाणणे. नीड म्हणजे कणीक मळणे. गरज या अर्थाचा नीड वेगळा, त्याला 'के' नाही. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे पुण्यातल्या मराठी शाळांतली मुलंही हे शब्द लहानपणीच घोकतात : 'के-एन-आय-एफ-ई नाइफ, के सायलेंट.' बोलायचा नाही तर लिहायचा कशाला, असं एखाद्या मुलीनं विचारलं तर 'इंग्रजी असंच असतं' एवढ्यावर तिची बोळवण होते. ती होऊ नये असं मला मनापासून वाटतं. तिचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे.

हा 'के' पूर्वी बोलला जात असे. हजार वर्षांपूर्वीचा इंग्रज गुडघ्याला 'क्नेओ' आणि सुरीला 'क्नीफ' म्हणे. तेव्हा लिहिताना तिथे 'सी' असे, 'के' नंतर आला. चौदाव्या शतकातल्या कवी चॉसरच्या तोंडीही हा 'क' होता. १४७६ मध्ये कॅक्स्टननं इंग्लंडमध्ये छापखाना काढला आणि पुढे छापील स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं. बोलणं मात्र बदलत राहिलं. सतराव्या शतकाच्या सुमारास 'क' उच्चारातून गळू लागला, कागदावर राहिला. जर्मन भाषेनं तो सोडलेला नाही. पुण्यात जर्मन शिकणारे पुष्कळ आहेत. गुडघ्याला ते आजही 'क्नी' म्हणायला शिकतात, आणि तिथे 'क' स्पष्ट ऐकू येतो.

आता आणखी मागे जाऊ. गुडघ्याला संस्कृतात 'जानु', ग्रीकमध्ये 'गोनू', लॅटिनमध्ये 'गेनू'. मूळ एकच. त्यातल्या 'ग'सारख्या ध्वनीचा संस्कृतात 'ज' झाला आणि इंग्रजी-जर्मनच्या घराण्यात 'क'. हा बदल एका शब्दापुरता नव्हता, त्याला नियम होता. याकोब ग्रिमनं तो १८२२ मध्ये मांडला. पुण्याच्या अय्यंगार योग संस्थेत जानुशीर्षासन करणारा परदेशी विद्यार्थी स्वतःच्या 'नी'चंच जुनं भावंड उच्चारत असतो. आपल्या 'आजानुबाहू'तही तेच.

'नो'ची गोष्ट तर आपल्या अगदी घरातली. तो आणि संस्कृतातला 'ज्ञा' धातू एकाच मुळाचे. ज्ञान, प्रज्ञा, आज्ञा, कृतज्ञ, आणि प्राकृतातून घासून आलेलं आपलं 'जाणणे', सगळे याच कुळातले. ग्रीकमधून आलेल्या 'डायग्नोसिस'मध्ये आणि लॅटिनमधून आलेल्या 'इग्नोर'मध्ये जुना 'ग्न' अजून ऐकू येतो. आणि 'ज्ञ'चं आपण काय करतो? तो 'ज्' आणि 'ञ' यांचा जोड. मराठी माणूस 'द्न्य' म्हणतो, हिंदी भाषक 'ग्य', गुजराती 'ग्न'. लिहिणं सर्वांचं एक, उच्चार ज्याचा त्याचा. 'ज्ञानेश्वर' लिहून 'द्न्यानेश्वर' म्हणणाऱ्या मुलाला 'के'चं कोडं समजावणं अवघड नाही. शिक्षकानं 'नो' आणि 'ज्ञान' हे दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहावेत.

इथे एक सावधगिरी. अक्षरं सारखी म्हणून कूळ एक असं नाही. 'यज्ञ'मध्ये 'ज्ञ' आहे, पण तो 'यज्' धातूचा, ज्ञानाशी त्याचं नातं नाही. तसंच नाइफ आणि नॉट यांना 'नो'चे भाऊबंद मानू नये. निट मात्र नॉटचा खरा नातलग, मूळ अर्थ गाठ मारणे. नॉब म्हणजे दाराची गोल मूठ, नकल म्हणजे बोटाचा सांधा, नोल म्हणजे बुटकी, गोलसर टेकडी. गाठीसकट या सगळ्यांत काहीतरी गोळा होऊन वर आलेलं आहे. शब्द लक्षात ठेवायला एवढा धागा पुरतो.

मला स्वतःला या जोडीतले सर्वांत आवडतात ते नाइट आणि नेव्ह. दोघांचाही जुना अर्थ मुलगा, मग चाकर. नाइटला पुढे घोडा मिळाला, चिलखत मिळालं, मानाची पदवी मिळाली. बुद्धिबळात त्याच्या नावाच्या सोंगटीला आपण घोडाच म्हणतो. जर्मनमध्ये त्याचा सख्खा भाऊ 'क्नेख्ट' मात्र चाकरच राहिला. नेव्हचं नशीब उलटं : चाकराचा तो लबाड, बदमाश झाला. पण पत्त्यांत राजा-राणीच्या खालच्या पानाला इंग्रजीत हेच नाव होतं, नंतर तिथे 'जॅक' रुळला. मराठीत ते पान अजून गुलामच आहे, म्हणजे नेव्हचा जुना, बिनलबाडीचा अर्थ आपल्या पत्त्यांत टिकला आहे.

पुढच्या आठवड्यात 'डब्ल्यू' आणि 'आर' : राइट, राँग, रिस्ट, रिंग.