हात सोडला की सावरणारे विमान

रेडिओनियंत्रित विमानांच्या छंदात 'ट्रेनर', म्हणजे शिकाऊ विमान, ही संज्ञा ज्या विमानाला लावली जाते त्याचे खरे लक्षण आकारात वा किमतीत नसते. चालवणाऱ्याच्या हातून चूक झाल्यावर ती ओळखून सुधारण्यासाठी ते विमान त्याला किती अवधी देते, यावर त्याची योग्यता ठरते. जर्मनीतील ब्रेटन येथील मल्टिप्लेक्स या कंपनीचे 'इझीस्टार' हे विद्युत विमान या कसोटीवर इतके उतरले, की पुढे निघालेल्या कित्येक शिकाऊ विमानांनी त्याची आकृती जवळजवळ जशीच्या तशी उचलली. १३६६ मिलिमीटर पंखविस्तार, सुमारे ९१७ मिलिमीटर लांबी आणि बॅटरीसह ६८० ग्रॅमच्या आसपास वजन, एवढाच त्याचा संसार. मात्र विकत आणलेल्या स्थितीत हे विमान फार काळ राहत नाही. मोटर बदलणे, बॅटरी बदलणे, पंख ताठ करणे हा त्याच्या मालकांचा आवडता उद्योग असतो, आणि शिकाऊपणाचा तो गुण बहुधा याच उद्योगात हरवतो.

विजेवर चालणारी नमुना विमाने आज स्वाभाविक वाटत असली, तरी त्यांचा आरंभ उशिरा झाला. अमेरिकेत वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये 'गफ' हे विमान रेडिओने नियंत्रित करून उडवले ते पेट्रोल इंजिनाच्या बळावर. विद्युत मोटरच्या रेडिओनियंत्रित उड्डाणाची पहिली अधिकृत नोंद इंग्लंडमध्ये कर्नल टॅप्लिन यांच्या नावावर ३० जून १९५७ रोजी झाली, आणि त्यासाठी त्यांना चांदी व जस्त यांचे महागडे विद्युतघट वापरावे लागले. जर्मनीत फ्रेड मिलिट्की हे त्याच सुमारास याच प्रश्नाशी झुंजत होते. त्यांनी रचलेले 'सायलेंशियस' हे विमान ग्राउप्नर कंपनीने १९६० मध्ये बाजारात आणले. मिलिट्की यांची चिकाटी अशी, की २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियात हाइनो ब्रडिट्श्का यांनी विद्युत मोटरच्या बळावर प्रत्यक्ष माणूस नेणारे विमान सुमारे नऊ मिनिटे उडवले, त्यामागेही त्यांचाच हात होता. या सर्व प्रयत्नांतील अडचण एकच होती: बॅटरी जड, आणि तिच्यात साठणारी ऊर्जा थोडी. त्यामुळे विद्युत विमान रचणाऱ्याला प्रत्येक ग्रॅमचा हिशेब ठेवावा लागे, आणि इझीस्टारची मूळ घडण याच काटकसरीच्या परंपरेतली आहे.

ही घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. मोटर नाकात न बसवता पंखाच्या मागे, धडाच्या पाठीवर उंच बसवलेली असून तिचा प्रोपेलर विमानाला मागून ढकलतो. नाक जमिनीवर आपटले, आणि नवशिक्याच्या हातून ते आपटतेच, तरी मोटरचा दांडा वाकत नाही की प्रोपेलर तुटत नाही. धड व पंख 'एलापोर' नावाच्या, साच्यात फुगवलेल्या कणीदार फोमचे असतात; हा फोम दाबला तर पुन्हा फुगतो, आणि तुटलाच तर झटपट चिकटणाऱ्या सायनोॲक्रिलेट गोंदाने जागच्या जागी सांधता येतो. पंखांच्या मागच्या कडेला असणारे, विमान कलते करणारे पाते, म्हणजे एलेरॉन, मूळ इझीस्टारला नाही. वळण्याचे सारे काम शेपटीवरचे उभे सुकाणू, म्हणजे रडर, करते, आणि नाक वर-खाली करण्याचे काम आडवे पाते, म्हणजे एलेव्हेटर.

केवळ रडरने विमान नीट वळते याचे कारण पंखांच्या ठेवणीत आहे. दोन्ही पंख टोकांकडे किंचित वर उचललेले असतात, आणि या कोनाला डायहेड्रल म्हणतात. रडरमुळे विमानाचे नाक डावीकडे वळले, की उजवा पंख वाऱ्याला थोड्या मोठ्या कोनात सामोरा जातो, त्यावरची उचल वाढते आणि विमान आपोआप डावीकडे कलून वळू लागते. हाच कोन उलट दिशेनेही उपयोगी पडतो: झोताने विमान एका बाजूला कलले, तर ते त्या बाजूला घसरू लागते, खालचा पंख जास्त उचल घेतो आणि विमान सरळ होते. ट्रान्समीटरच्या, म्हणजे हातातील नियंत्रकाच्या, काड्यांवरचे हात सोडले की विमान स्वतःला सावरते, असे जे सांगितले जाते त्यात चमत्कार काही नाही. पंखांचा कोन, पुढे ठेवलेला गुरुत्वमध्य आणि मंद गती या तिघांचे ते संयुक्त काम आहे. या तिघांपैकी कशालाही धक्का लागला, तर तो गुण त्या प्रमाणात कमी होतो.

बदलाची सुरुवात बहुतेक वेळा मोटरपासून होते. मूळ विमानात 'स्पीड ४००' जातीची, म्हणजे कार्बनच्या ब्रशांतून फिरत्या गुंडाळीला वीज पुरवणारी स्वस्त मोटर असे. ती सात निकेल-मेटल-हायड्राइड घटांच्या ८.४ व्होल्ट बॅटरीवर चाले आणि घेतलेल्या विजेपैकी निम्म्याच्या आसपास वीजच दांड्यावर कामी येई, उरलेली उष्णतेत जाई. ब्रशलेस मोटरमध्ये ब्रश नसतात, गुंडाळी स्थिर राहते व चुंबक फिरतात. विजेचा प्रवाह कोणत्या क्षणी कोणत्या गुंडाळीत सोडायचा हे वेगनियंत्रक ठरवतो, म्हणून तिला तीन तारा असतात आणि त्यांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल केल्या की मोटर उलटी फिरते. तिची कार्यक्षमता तीन-चतुर्थांशाच्या वर सहज जाते. या मोटरींवर 'केव्ही' असा एक आकडा छापलेला असतो, आणि तो किलोव्होल्ट समजून अनेक जण फसतात. भार नसताना दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे होतील, एवढाच त्याचा अर्थ. मूळ इझीस्टारमध्ये प्रोपेलर धडाच्या पाठीला घासू नये म्हणून तो सहा इंचांच्या पलीकडे जाऊ शकत नाही, आणि लहान प्रोपेलरने पुरेसा रेटा मिळवायचा तर तो वेगाने फिरवावा लागतो. त्यामुळे येथे २००० केव्हीच्या आसपासची मोटर निवडली जाते. मोठ्या प्रोपेलरसाठी केलेली ९०० केव्हीची मोटर कितीही दमदार असली, तरी या विमानात ती नुसते ओझे ठरते.

सर्वात मोठा घोटाळा मोटर तशीच ठेवून केवळ बॅटरी बदलणाऱ्यांचा होतो. प्रोपेलर फिरवायला लागणारी शक्ती त्याच्या फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ८.४ व्होल्टऐवजी तीन घटांची ११.१ व्होल्टची लिथियम-पॉलिमर, म्हणजे 'लिपो', बॅटरी लावली आणि फेरे त्याच प्रमाणात वाढले असे धरले, तर शक्तीची मागणी सुमारे २.३ पट होते. प्रत्यक्षात भाराखाली फेरे तितके वाढत नाहीत, परंतु जुन्या मोटरचे ब्रश जळण्यास जेवढे वाढतात तेवढे पुरेसे असतात. व्यासाचा हिशेब याहून कडक आहे: पात्यांचा पीळ तोच ठेवून व्यास केवळ १० टक्क्यांनी वाढवला, तरी शक्ती जवळजवळ दीडपट लागते. प्रोपेलर बदलल्यावर वॉटमीटर जोडून प्रवाह मोजल्याशिवाय विमान हवेत सोडू नये, हा नियम या हिशेबातून आला आहे.

वेगनियंत्रकात आणखी एक छोटे मंडल लपलेले असते. मुख्य बॅटरीचा दाब ५ व्होल्टपर्यंत उतरवून तो रिसीव्हरला व सर्व्होंना, म्हणजे पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरींना, पुरवणे हे त्याचे काम. वेगळी बॅटरी त्यामुळे लागत नाही. जुन्या साध्या पद्धतीच्या मंडलात उरलेला दाब उष्णता म्हणून जाळला जातो. १ अँपिअर प्रवाहाला ८.४ व्होल्टवर ३.४ वॉट उष्णता निघते, तर पूर्ण भरलेल्या, म्हणजे १२.६ व्होल्टच्या, तीन घटांच्या लिपोवर ती ७.६ वॉट होते. मंडल तापून बंद पडले, की मोटर नव्हे, नियंत्रणच जाते. लिपोच्या जोडीला वेगनियंत्रकही बदलावा लागतो तो एवढ्यासाठीच. मात्र खर्चाची यादी करताना सर्वात आधी खोडली जाणारी ओळ हीच असते.

आता वजनाकडे. लिपो सात घटांच्या जुन्या बॅटरीपेक्षा हलकी, आणि ती बसते नाकात. नवी मोटर बहुधा जुनीइतकी वा किंचित जड, आणि ती बसते पंखामागे. दोन्ही बदलांनी गुरुत्वमध्य मागे सरकतो. इझीस्टारमध्ये तो पंखाच्या पुढच्या कडेपासून, धडाजवळ मोजल्यास, ७८ मिलिमीटरवर असावा असे निर्मात्याने सांगितलेले आहे. तो मागे गेला तर एलेव्हेटरच्या जराशा हालचालीने नाक उसळते व विमान हातात राहत नाही. बॅटरी पुढे सरकवून वा नाकात थोडे शिसे ठेवून तो जागेवर आणता येतो. मोटर उंचावर असल्याचा परिणामही याच वेळी जाणवतो. तिचा रेटा गुरुत्वमध्याच्या वरून जात असल्याने थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, एकदम वाढवला की नाक खाली दबते. दुबळ्या मोटरमध्ये हे ध्यानात येत नाही, परंतु शक्ती दुप्पट झाल्यावर जमिनीजवळ ते घातक ठरते. ट्रान्समीटर संगणकीय असेल तर थ्रॉटलबरोबर एलेव्हेटर थोडा वर उचलला जाईल अशी सांगड घालता येते, आणि मोटरचा कोन बदलण्याच्या खटाटोपापेक्षा ती सोयीची.

शक्ती वाढली म्हणून कॅमेरा, मोठी बॅटरी, दिवे असे चढवत ६८० ग्रॅमचे विमान ९०० ग्रॅमवर नेले, तर पंख तेवढाच राहतो. विमान हवेत टिकण्यासाठी लागणारा किमान वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. सुमारे २४ चौरस डेसिमीटर पंखावर ६८० ग्रॅमसाठी तो हिशेबाने ताशी २३ ते २५ किलोमीटर येतो. ९०० ग्रॅमला तो १५ टक्क्यांनी वाढतो, आणि जमिनीवर आपटताना अंगात असलेली ऊर्जा पावणेदोन पट होते. फोम तोच, नाक तेच. वेगवान विमान उत्तम उडेलही, पण ज्या क्षणी चूक होते त्या क्षणी ते शिकाऊ राहिलेले नसते. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांत करण्याजोगे बदल फार थोडे आहेत: पंखातील काचतंतूच्या नळीऐवजी कार्बनची नळी, शेपटीकडे लवणाऱ्या धडाला आधार आणि दाबाबरोबर बदललेला वेगनियंत्रक. एलेरॉनची सोय नंतरच्या आवृत्तीत निर्मात्यानेच केली. ती रडरवर हात बसल्यानंतरची गोष्ट आहे.

या विमानाची थोरवी कळते ती त्याच्यावर लादलेल्या कामांतून. 'आर्डुपायलट' हा मुक्त स्वयंचालक विकसित होत असताना त्याच्या आरंभीच्या चाचण्यांसाठी इझीस्टार हे पसंतीचे विमान होते, कारण संगणकाची आज्ञा चुकली तरी ते लगेच कोसळत नसे. त्याच आकृतीवर बेतलेल्या 'बिक्सलर' या स्वस्त विमानात कॅमेरा व स्वयंचालक बसवून लियान पिन कोह आणि सर्ज विच या संशोधकांनी २०१२ मध्ये उत्तर सुमात्रात वनांची टेहळणी केली. शिकाऊ विमानाचा संथपणा संशोधकांच्याही कामी आला.

भारतात हा छंद कित्येक तरुणांना प्रथम भेटतो तो राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत, जिथे विमानांचे नमुने घडवणे व उडवणे हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी केवळ शिक्षण, संशोधन वा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या नमुना विमानांची वेगळी व्याख्या केली आहे. वजनाने इझीस्टार २५० ग्रॅम ते २ किलो या 'सूक्ष्म' वर्गात पडते. हिरव्या, म्हणजे पूर्वपरवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच, ही मर्यादा मैदान निवडतानाच नकाशावर पाहावी लागते.

उड्डाणाची योग्य वेळ म्हणजे सूर्योदयानंतरचा तास-दीड तास. जमीन तापली की ऊन धरलेल्या हवेचे लोट वर उठू लागतात आणि हलके विमान त्यांत हेलकावे खाते. आधी ट्रान्समीटर व मग विमान चालू करावे, पाती योग्य दिशेने हलतात का ते पाहावे, मग संपर्काचा पल्ला तपासावा. विमान वाऱ्याच्या तोंडावर, नाक क्षितिजाशी समपातळीत ठेवून सोडावे. ते वर फेकण्याचा मोह नवशिक्याला हमखास होतो आणि वेग न मिळालेले विमान तिथेच बसते. ३०-४० मीटर उंचीवर थ्रॉटल निम्म्यावर आणून लांबट वळणे घ्यावीत. विमान समोरून आपल्याकडे येताना डावे-उजवे उलटते. अशा वेळी जो पंख खाली झुकलेला दिसेल त्याच बाजूला काडी नेली की विमान सरळ होते, ही युक्ती हाताला सवय लागेपर्यंत पुरते. उतरताना मोटर बंद करून वाऱ्याच्या तोंडावर लांबून यावे आणि जमीन गुडघाभर राहिली, की एलेव्हेटर हळूहळू वर ओढावा. दर घटाचा दाब ३.५ व्होल्टच्या खाली जाण्याआधी विमान खाली आलेले असावे. घरी नेताना ते बंद गाडीत उन्हात ठेवू नये, फोमचा पंख तापून पिळतो. आणि पुढचे उड्डाण आठवड्यावर असेल, तर लिपो पूर्ण भरून न ठेवता दर घटाला ३.८ व्होल्टवर आणून, सुट्या धातूपासून दूर, मातीच्या कुंडीत वा न पेटणाऱ्या पिशवीत ठेवावी.