डुक्कर न खाणाऱ्यांच्या मेंदूतील जंत

कुणाला फेफरे आले की आमच्या गावात अजून आधी कांदा हुंगवतात, मग दवाखान्याची आठवण होते. फेफऱ्याचे एक कारण मेंदूत जाऊन बसलेला जंत हेही असते, हे मला महाविद्यालयात आल्यावरच कळले. त्यासंबंधीची न्यूयॉर्कमधील एक हकिकत वाचकांपुढे ठेवते.

जून १९९० ते जुलै १९९१ या काळात तेथील सनातनी ज्यू समाजातील चौघांना वारंवार झटके येऊ लागले. चौघे एकमेकांच्या नात्यातले नव्हते. मेंदूच्या तपासणीत गाठी दिसल्या, त्या डुकरातील पट्टकृमीच्या अळ्यांसारख्या. परंतु ज्यू धर्मात डुकराचे मांस निषिद्ध! चौघांपैकी कोणीही ते खाल्लेले नव्हते, आणि हा रोग जेथे नेहमी आढळतो अशा देशात फक्त एक जण जाऊन आला होता.

येथे जंताचे थोडे चरित्र सांगणे भाग आहे. कच्चे राहिलेले डुकराचे मांस खाल्ले, तर त्यातल्या अळीचा माणसाच्या आतड्यात कित्येक हात लांब पट्टकृमी होतो. त्या माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही. मात्र त्याच्या विष्ठेतून अंडी पडतात, आणि हात नीट न धुतल्यास ती अन्नात जातात. हे अन्न जो खाईल त्याच्या शरीरात अळ्या रक्तावाटे स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत जाऊन बसतात. म्हणजे मांस खाणारा एक आणि झटके येणारा भलताच! आपल्याकडे शुद्ध शाकाहारी माणसालाही हा रोग होतो, तो यामुळेच. तेव्हा ‘तुम्ही काय खाता?’ एवढेच विचारणारा डॉक्टर फसतो. रुग्णाची विष्ठा तपासूनही बहुधा काही हाती लागत नाही, कारण मोठा कृमी दुसऱ्याच कुणाच्या पोटात असतो.

न्यूयॉर्कच्या दोन रुग्णांचे निदान मेंदूतील गाठीचा तुकडा काढून, तर दोघांचे रक्ताच्या विशेष चाचणीने पक्के झाले. जवळच्या १७ कुटुंबीयांचे रक्त तपासले, तर ७ जणांत या अळीविरुद्धची प्रतिपिंडे निघाली. शेवटी चारही घरांतील कामवाल्यांची तपासणी झाली. एकीच्या पोटात पट्टकृमी होता, दुसरीच्या रक्तात खूण सापडली. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या अशा बायकांकडूनच लागण झाली असावी, असा निष्कर्ष १९९२ साली प्रसिद्ध झाला.

माझी मावशी शहरात चार घरी स्वयंपाक करते, त्यामुळे हे वाचताना मी थबकले. अशा वेळी बाईला कामावरून काढणे सर्वांत सोपे. पण आतड्यातला कृमी बहुधा औषधाच्या एकाच मात्रेने जातो, आणि तो गेला की मालकिणीच्या मुलांइतकाच तिच्या स्वतःच्या मुलांचाही धोका टळतो. मावशीला विचारले, तर अशी तपासणी तिला आजवर कोणत्याच घरी कुणी सांगितलेली नाही. सांगितली तर पैसे कुणी भरायचे, हे तिने मलाच विचारले.