धाकटा टॅब आज घ्यावा, की नव्याची वाट पाहावी?



मुंबईच्या लोअर परळला तुमच्या घरातले किंवा भावकीतले कोणी ना कोणी असेलच. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांतून एके काळी गावेच्या गावे तिथल्या कापडगिरण्यांवर जगली. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पुढे एकेक भोंगा कायमचा बंद झाला. फिनिक्स मिलच्या जागेवर आज झगमगीत बाजार आहे. गिरणीची जुनी चिमणी तेवढी उभी आहे. ज्या आवारात आजोबा साच्यावर उभे राहिले, तिथे आता नातवंडे काचेच्या कपाटांतले मोबाईल आणि टॅब न्याहाळतात.

अशाच एका नातवाचा, म्हणजे तुमच्या पुतण्याचा, फोन येतो असे समजा. इकडे सोयाबीनचे पैसे नुकतेच हाती आलेत. लेक बारावीला आहे. मास्तर धडे मोबाईलवर पाठवतात आणि एवढ्याशा पडद्यावर बघून पोरीचे डोळे चुरचुरतात. तिला टॅब घ्यायचे घरात ठरले आहे. आणि पुतण्या सांगतो, "काका, एवढ्यात घेऊ नका. ॲपलचा धाकटा टॅब नवा येतोय म्हणतात. पडदा भारी असणार. दिवाळीपर्यंत थांबा."

आता थांबायचे की घ्यायचे? पैसा तुमच्या घामाचा आहे, म्हणून या "येतोय म्हणतात" ची जरा नीट पारख करू.

धाकटे भाऊ दोन

टॅब, म्हणजे टॅबलेट, ही डॉक्टरांची गोळी नव्हे हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पाटीएवढा पडदा असलेला मोठा मोबाईलच म्हणा. ॲपल कंपनीने आपला आयपॅड 2010 साली बाजारात आणला. आज त्या घराण्यात महागडे थोरले आहेत, तसे दोन धाकटे आहेत. एक 'मिनी', म्हणजे आकाराने लहान. दुसरा नुसता 'आयपॅड', म्हणजे किमतीने लहान. पुष्कळ लोक इथेच फसतात. लहान तो स्वस्त असे त्यांना वाटते.

मिनी 2012 साली आला तेव्हा आपल्याकडे त्याची किंमत 21,900 रुपयांपासून होती आणि घराण्यात तोच सर्वांत स्वस्त होता. पण 2017 पासून साधा आयपॅड त्याच्याही खाली उतरला. ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर झालेला मिनी 49,900 रुपयांपासून विकला गेला, तर मार्च 2025 मध्ये आलेला साधा आयपॅड 34,900 पासून. म्हणजे पडदा लहान आणि भाव पंधरा हजारांनी जास्त! पुतण्याला आधी हेच विचारा, की बाबा रे, तू म्हणतोस तो धाकटा यांतला कोणता?

मालकाचा शब्दही फिरतो

पुढे काय येणार याच्या वावड्या दरवर्षी उठतात. त्या किती मनावर घ्याव्यात? 2010 च्या ऑक्टोबरात कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी सात इंची टॅबची जाहीर खिल्ली उडवली होती. एवढ्या पडद्यावर काम करायचे तर बोटे घासून बारीक करावी लागतील, असा त्यांचा सूर होता. ते 2011 मध्ये वारले आणि 2012 मध्ये त्यांच्याच कंपनीने 7.9 इंची मिनी काढला. खुद्द मालकाचे भाकीत जेमतेम दोन वर्षे टिकले, तर बाजारातल्या बोलण्यावर किती विसंबायचे?

मुहूर्ताचेही तसेच. मिनी 2012, 2013, 2014 आणि 2015 असा ओळीने चार वर्षे आला. लोकांनी धरले, की हा दरसाल येणार. त्यानंतर तो आला एकदम मार्च 2019 मध्ये. मधली साडेतीन वर्षे कोरडी गेली. पुढचा सप्टेंबर 2021 मध्ये आणि त्यापुढचा ऑक्टोबर 2024 मध्ये. जो 2016 च्या दिवाळीत "थांबू या" म्हणाला, त्याच्या पोराचे शिक्षण संपले असेल, पण टॅब आला नाही.

पाटाचे पाणी

मग अंदाज बांधताच येत नाही का? येतो, आणि तो बांधायला तुमच्याइतका जाणता माणूस दुसरा नाही. कालव्याला पाणी सुटले की आधी वरची वावरे भिजतात, टेलच्या शेतकऱ्याचा नंबर शेवटी लागतो. या घराण्यात धाकटे टॅब म्हणजे टेलचे शेतकरी. नवी सोय आधी महागड्या यंत्रात येते. तिचा खर्च कमी झाला, थोरल्यांची विक्री पदरात पडली, की मग ती खाली सुटते.

लिहायची लेखणी पाहा. 2015 मध्ये ती फक्त महागड्या आयपॅड प्रोला चालत होती. साध्या आयपॅडला 2018 मध्ये चालू लागली आणि मिनीला 2019 मध्ये. हल्ली सगळ्या मोबाईलना लागते ती सी-टाईप चार्जिंगची पिन घ्या. प्रोला 2018 मध्ये, मिनीला 2021 मध्ये, साध्याला 2022 मध्ये मिळाली. सगळे चालवणारी चिप म्हणजे यंत्राचा मेंदू. 2025 च्या साध्या आयपॅडमध्ये जो मेंदू बसवला, तो 2022 च्या महागड्या आयफोनमधला होता. म्हणजे वरून खाली यायला दोन-तीन वर्षे लागतात, कधी चारही.

आता पुतण्याच्या बातमीकडे या. मे 2024 मध्ये आयपॅड प्रोला ओलेड पडदा बसला. या पडद्यात मागे दिवा नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे काळे ते खरोखर काळे दिसते. वरचे वावर भिजले आहे, तेव्हा पाणी मिनीच्या बांधाला कधी तरी लागणार, ही अटकळ पटण्यासारखी आहे. पण नेमका महिना कंपनीने जाहीर करेपर्यंत कोणी छातीठोकपणे सांगू नये. आणि भारी पडदा आला की भाव तोच राहील, हे तर मुळीच धरू नका.

दुसरी अटकळ साध्या आयपॅडची. यंत्राने आपणहून मजकूर लिहावा, लांब लेखाचे सार काढावे, अशी नवी कृत्रिम बुद्धिमत्ता 2024 च्या मिनीत चालते. 2025 च्या साध्या आयपॅडमध्ये मात्र चालत नाही. ती आज ना उद्या साध्यालाही मिळेल, असे जाणकार म्हणतात. मिळेलही. पण 2025 अखेरपर्यंत ती ज्या भाषांत चालत होती, त्यांत मराठी नव्हती. जी सोय आपल्या भाषेत नाही, तिच्यासाठी पोरीचे वर्ष का अडवावे?

थांबणे कधी पदरात पडते

थांबणे नेहमीच वाया जाते असे नाही. साधा आयपॅड ऑक्टोबर 2022 मध्ये आला तेव्हा आपल्याकडे 44,900 रुपयांना होता. तोच मे 2024 मध्ये 34,900 वर उतरला. मार्च 2025 मध्ये त्याच भावात नवा आला आणि साठवण्याची जागा दुप्पट झाली. ज्याला निकड नव्हती, त्याचे दहा हजार वाचले.

पण नुसत्या भरवशावर बसलेल्यांचे काय होते, तेही आपल्याकडे घडून गेले आहे. 5 ऑक्टोबर 2011 रोजी सरकारने दिल्लीत 'आकाश' हा स्वस्त टॅब विद्यार्थ्यांसाठी जाहीर केला. डेटाविंड कंपनीचा हा टॅब अडीच हजारांच्या आतबाहेर पडणार होता. पहिला फार मंद निघाला, पडदा दाबून दाबून चालवावा लागे. नोव्हेंबर 2012 मध्ये सुधारलेला 'आकाश 2' आला, त्याच्या कामी मुंबईच्या पवई येथील आयआयटीने हातभार लावला. मग आणखी चांगला 'आकाश 4' येणार म्हणून बोलणे सुरू झाले. घरोघर पोचेल असा टॅब काही आला नाही. हेतू चांगला होता, माणसेही झटली. पण त्या वर्षी दहावी-बारावीला असलेल्या मुलांची परीक्षा कोणासाठी थांबली नाही.

लोअर परळच्या माणसांना ही वाट पाहणे नवे नाही. तिथल्या स्टेशनाजवळचा डिलाईल रोडचा जुना पूल जुलै 2018 मध्ये धोक्याचा म्हणून बंद झाला. आज होईल, उद्या होईल करता करता सगळ्या बाजूंनी खुला व्हायला 2023 चा नोव्हेंबर उजाडला. पाच वर्षे लोक वळसा घालून कामाला जातच होते. पूल झाल्यावर कामाला जाऊ, असे कोणी म्हटले नाही. पुतण्याला त्याच्याच दाराशी घडलेली ही गोष्ट आठवून द्या.

घेण्याआधी एवढे पाहा

पहिले, हिशेब क्विंटलमध्ये करा. 2025-26 च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल. त्या भावाने साधा आयपॅड साडेसहा क्विंटलांचा आणि मिनी सव्वानऊ क्विंटलांहून जास्त. बाजारात हमीभावही न मिळाल्यास आकडा आणखी फुगतो. एवढे पोते द्यायचे नसेल तर दुसऱ्या कंपन्यांचे यापेक्षा पुष्कळ कमी किमतीचे टॅब आहेत. वाचायला आणि धडे पाहायला ते पुरतात. त्यात कमीपणा मानू नये.

दुसरे, दुकानदाराला विचारा, "हे यंत्र पहिल्यांदा बाजारात कधी आले?" येऊन चार-सहा महिनेच झाले असतील तर वाट पाहण्यात अर्थ नाही. दोन-अडीच वर्षे होऊन गेली असतील आणि तुम्हाला घाई नसेल, तर थोडे थांबा. नवा आला की जुन्याचा भाव बहुधा उतरतो.

तिसरे, सिमकार्डाचे पाहा. वर दिलेल्या किमती सिम नसलेल्या टॅबच्या आहेत. त्याला इंटरनेट मोबाईलवरून द्यावे लागते. सिमवर चालणारा 2025 चा साधा आयपॅड 49,900 पासून पडतो. आणखी एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. बिनसिमच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसते. शेतात उभे राहून बांधाची मोजणी त्यावर नीट होणार नाही. तुमच्या कामाचे ॲप त्या यंत्रावर चालते का, हेही पैसे मोजण्याआधी चालवून पाहा.

चौथे, नवे यंत्र आले म्हणजे जुने मेले असे नाही. सप्टेंबर 2025 मध्ये कंपनीने जी नवी प्रणाली दिली, ती 2019 च्या मिनीलाही मिळाली, तीही फुकट. त्याच साली, 2019 मध्ये, आलेला साधा आयपॅड मात्र तिच्यातून वगळला गेला. तेव्हा जुना स्वस्तात मिळतो म्हणून फार जुना घेऊ नका. पण नवा येणार म्हणून आजचा टाकाऊही समजू नका.

पेरणीला वाफसा आला की पुढच्या वर्षी सुधारित वाण येणार म्हणून आपण रान पडीक ठेवत नाही. हाती आहे त्यातले चांगले बियाणे पाहून पेरतो. पोरीच्या शिक्षणाचाही वाफसा असतो आणि बारावीचा तो एकदाच येतो. गरज आज असेल आणि पैसा घरचा असेल, कर्जाचा नसेल, तर ऐपतीतला टॅब निवडा आणि आजच घ्या. गरज नसेल तर नवा आला तरी घेऊ नका. पुतण्याला म्हणावे, "येईल तेव्हा येऊ दे बाबा. तोवर आमच्या लेकीचे दोन धडे पुढे गेलेले असतील."