पावसाळी आकाश आणि लहान विमान

३० सप्टेंबर २००१ रोजी दिल्लीहून कानपूरकडे निघालेले एक लहान विमान उत्तर प्रदेशातील मैनपुरी जिल्ह्यात कोसळले व त्यातील आठही जण मृत्युमुखी पडले. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातील माधवराव शिंदे हे त्यांपैकी एक होत. १९९१ ते १९९३ या काळात ते केंद्रीय नागरी विमानवाहतूक मंत्री होते. त्या दिवशी त्या भागात ढगाळ व पावसाळी हवा होती. पावसाळा सरत आला म्हणजे आकाश निर्धोक झाले असे नव्हे, हे या घटनेवरून ध्यानी यावे.

पावसाळ्यात वैमानिकाने सर्वांत अधिक भ्यावे ते गर्जन्मेघाला. त्याचा माथा १५ किलोमीटरहूनही उंच जाऊ शकतो. चार आसनांचे लहान विमान सेकंदाला सुमारे ३ ते ४ मीटर वर चढते; उलट प्रबळ गर्जन्मेघातील प्रवाह सेकंदाला २० मीटरहून अधिक वेगाने वरखाली धावतात. अशा प्रवाहापुढे लहान इंजिनाचे बळ कोठवर पुरणार? मेघातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. त्यामुळे उतरत्या विमानासमोरचा वारा क्षणात पाठीमागून वाहू लागतो व पंखांची उचल घटते. म्हणूनच तीव्र गर्जन्मेघापासून निदान २० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर, दूर राहावे असा संकेत आहे.

साधा, शांत ढगही फसवा असतो. त्यात शिरताच क्षितिज लोपते आणि अंतर्कर्णाकडून मिळणारी तोलाची जाणीव खोटी ठरते. विमान कलत असता ते सरळ चालले आहे असे वाटते. १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात, केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याचे शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांवर प्रयोग झाला. क्षितिज दिसेनासे होताच सर्वांचा ताबा सुटला. त्यास सरासरी १७८ सेकंद लागले.

मग उपाय कोणता? दिल्लीत सफदरजंग विमानतळानजीकच भारतीय हवामानशास्त्र विभागाचे मौसम भवन आहे. रडारच्या साहाय्याने मेघांचा वेध घेता येतो, अंदाज मिळतो. परंतु वाटेत ढग आडवा येईल तेव्हा निर्णय वैमानिकालाच घ्यावा लागतो. परतण्यापुरते इंधन जवळ ठेवावे आणि ढगात शिरण्यापूर्वीच माघारी वळावे. या माघारीत कमीपणा नाही. तोही उड्डाणविद्येचाच एक धडा होय.